दोऱ्याची सही

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या आत्याच्या घरी घडलेलं आहे. आत्या शिवणकाम करते. कपडा तिच्या हातून बिघडला तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. ती थापा मारणाऱ्यातली नाही.

गुरुवार होता. दुपारचे दोन. लख्ख उजेड.

सोमवारी तिचं ऑपरेशन होतं. तिच्या जुन्या विमा पॉलिसीवर वारस म्हणून अजून आतोबांचंच नाव होतं, आणि आतोबा जाऊन तीन वर्षं झाली होती. आपलं काही बरंवाईट झालं तर लेकीला ऑफिसात खेटे घालावे लागू नयेत, एवढंच तिचं म्हणणं. पण लेकीचं नाव घालायचा अर्ज दोनदा परत आला. प्रत्येक अर्ज आधी एजंटकडे जायचा, आणि एजंट कधीच वारला होता. कागदावर मात्र तो तसाच ठाण मांडून बसला होता.

म्हणजे आधी एजंटला काढायचं. त्याचा वेगळा फॉर्म. त्यावर सहीच्या दोन जागा. एक 'एजंट काढावा'पुढे, दुसरी 'एजंट कायम ठेवावा'पुढे.

या एजंटला सगळे फुलीकाका म्हणत. सही कुठे करायची तिथे ते पेन्सिलीने बारीक फुली मारायचे. सही झाली की फुली खोडायचे आणि चुरा फुंकरीने उडवायचे. जाताना ठरलेलं वाक्य, "माझं नाव आहे तोवर काळजी करू नका."

"राहू दे ना गं आई," लेक म्हणाली. "गेलेल्या माणसाला असं काढून टाकायचं, बरं नाही वाटत."

"त्यांच्या नावापायीच तुझं नाव अडलंय." आत्याने 'काढावा'पुढे पेनाने सही ठोकली आणि चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात...

खस्स. खस्स.

काहीतरी घासल्याचा आवाज. टेबलावरूनच.

तिने चष्मा लावला. सहीची जागा कोरी होती.

कागदावर ओरखडासुद्धा नाही. बाजूला मात्र... खोडरबराचा चुरा.

घरात खोडरबर नव्हतंच. आत्या खुणा खडूने करते.

लेक भिंतीला टेकली. "आई, चल इथून."

"घर माझं आहे. मी कुठे जाऊ?"

तिने पुन्हा सही केली. या वेळी नजर हलवली नाही. पण पापणी काय, लवतेच...

सही गेली. आणि 'कायम ठेवावा'पुढे बारीक फुली उमटली.

आत्या घाबरली. ती तसं कबूलही करते. पण भीतीपेक्षा तिला राग जास्त आला.

"काका, जिवंत होतात तेव्हा तुमचा मान ठेवला," ती म्हणाली. "आता माझ्या लेकीच्या आड येऊ नका."

तिने सुईत काळा दोरा ओवला आणि कागदावर आपली सही शिवली. एकेक अक्षर, बारीक टाक्यांनी. मागे गाठ मारली.

"आता खोडा."

खस्स. खस्स. खस्स...

कागद थरथरला. टाका एकही हलला नाही.

मग सगळं थांबलं. आणि तिच्या गालावर आली... गार फुंकर.

ऑफिसातल्या कारकुनाने फॉर्म चार वेळा उलटसुलट केला. "बाई, ही काय सही झाली?"

"नमुन्याशी जुळवून बघा."

जुळली. त्याने शिक्का मारला. शनिवारपर्यंत एजंट गेला आणि लेकीचं नाव लागलं. ऑपरेशनही नीट पार पडलं.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

परवा ताईने, म्हणजे त्याच लेकीने, स्वतःची पहिली पॉलिसी काढायला घेतली. एजंट नको म्हणून फॉर्म थेट ऑफिसातून आणला. सीलबंद पाकीट घरी येऊन फोडलं.

सहीच्या जागी... पेन्सिलीची बारीक फुली.

तिने रडतच फोन केला. आत्याने ऐकून घेतलं.

"कशाला हात लावू नकोस. मी सुई घेऊन येते."

गाडी मीच चालवत होतो. वाटेत आत्याने सुई ओवली, पहिल्या फटक्यात. तिचा हात जरासुद्धा हलला नाही.

मी मात्र आता आधी फुली शोधतो. कुठेही सही करायची म्हटली की.