सव्वीस चाचणी-पानं

माणसांना एक बटण एकदाच दाबता येत नाही, याचा शलाका दिघेला पंधरा वर्षांपासून उबग आला होता. कागदाचे प्रिंटर होते तेव्हाही हेच. छापून आलं नाही की पुन्हा दाब, पुन्हा दाब, आणि यंत्र एकदा सुरू झालं की एकाच अर्जाच्या चाळीस प्रती जमिनीवर. आता ती नाशिकच्या दूरदुरुस्ती कक्षात बसून कातडी छापणारी यंत्रं दुरुस्त करायची, पण माणसं तीच होती.

त्या सकाळी तिच्या पडद्यावर डॉ. निसार पिंजारी होते, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका रुग्णालयातले शल्यविशारद. त्यांच्याकडचा त्वचामुद्रक कालपासून बंद होता. आसपासची सहा रुग्णालयं मिळून हे एकच यंत्र वापरत आणि आपापल्या संगणकावरून त्याच्याकडे कामं पाठवत. काल दुपारी तक्रार आली तेव्हा शलाकानं दूरजोडणी करून नेहमीचे सगळे उपाय केले होते. यंत्रानं दाद दिली नव्हती.

"काल यंत्र रिकामं होतं, मॅडम. आज सकाळी त्यात पेशीशाई भरलीय," डॉक्टर म्हणाले.

"कोणाची?"

"रमिला वळवी. आश्रमशाळेत स्वयंपाक करते. वाफेचं मोठं भांडं तिच्या अंगावर फुटलं. मान, छाती, दोन्ही हात."

"शाई किती आहे?"

"माणसाचा तळवा बोटांसकट धरला तर त्याच्या कातडीचा साधारण शंभरावा भाग होतो. रमिलाची तीस तळव्यांएवढी कातडी जळालीय आणि शाईही तेवढीच आहे. तिच्याच पेशी पाच आठवडे वाढवून केलेली. दुसऱ्या कोणाची कातडी शरीर टिकू देत नाही."

"आणि ही वाया गेली तर?"

"परत पाच आठवडे. जखमेत पू धरायला लागलाय. ती एवढे दिवस काढणार नाही."

शलाकानं कामाला हात घातला. दोष दहा मिनिटांत सापडला आणि तो पाहून तिचं डोकं फिरलं. परवा कोणीतरी रुग्णालयातली, संगणक एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्याची पेटी बदलली होती. नव्या पेटीनं यंत्राला नवा पत्ता दिला, आणि सहाही रुग्णालयं अजून जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसली होती. पेटी बदलणाऱ्यानं कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. तिनं यंत्रातली कामांची रांग तपासली. रांग रिकामी होती. मग तिनं नव्या पेटीत शिरून यंत्राला जुना पत्ता परत दिला. दिवा हिरवा झाला.

"पाठवा रमिलाबाईंचं काम," ती म्हणाली.

"पाठवतो. पण यंत्र तर आधीच छापायला लागलंय."

शलाकानं यंत्रातला कॅमेरा उघडला. तबकात तळव्याएवढा एक चौकोन सरकत आला. ओलसर, फिकट तपकिरी, कडा किंचित दुमडलेल्या. त्यावर गडद अक्षरं उमटली होती. वर कंपनीचं पंख पसरलेल्या पक्ष्याचं चिन्ह, त्याखाली 'अभिनंदन! आपले यंत्र व्यवस्थित सुरू आहे', मग गोऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच रंगांची पट्टी, आणि तळाशी पाठवणाऱ्याचं ठिकाण, तारीख, वेळ.

शलाका म्हणाली, "चाचणी-पान आहे ते."

"कातडीवर?"

"यंत्रात दुसरी शाईच नाही, डॉक्टर. अक्षरंही रंगपेशींचीच असतात, रंगाच्या नळ्या तपासायला. यंत्र बंद दिसलं की लोक चाचणी-पान मागतात. यंत्र सापडलं नाही तर ती मागणी त्यांच्या स्वतःच्या संगणकात पडून राहते. मला इथून फक्त यंत्राची रांग दिसते. पत्ता परत मिळाला आणि सगळी पानं एकदम आत शिरली."

"मग थांबवा ना."

तिनं थांबण्याचा हुकूम सोडला होताच. पण दूरवरून दिलेला हुकूमही त्याच रांगेतून जायचा, आणि त्याचा नंबर सत्ताविसावा होता. परक्या हातांनी दाबू नये म्हणून कंपनीनं यंत्रावरचं थांबवायचं बटण काढून टाकलं होतं. वीज तोडली तर शाईची ऊब जाऊन नळ्यांतल्या पेशी मेल्या असत्या. तेव्हा दोघं नुसती बघत राहिली. अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन. तबकात चौकोन एकमेकांना चिकटत साचत गेले. पलीकडे सिस्टर तोंडावर हात धरून बाहेर गेली. सव्विसाव्या पानानंतर यंत्र थांबलं. शाई चार तळव्यांएवढी उरली होती.

शलाकानं वरिष्ठांना, केळुसकरांना, जोडून घेतलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"चाचणी-पान म्हणजे कचरा. नियमाप्रमाणे जाळायचं," ते म्हणाले. "आपलं चिन्ह कोणाच्या अंगावर फिरायला नको. आणि तक्रार बंद झालीच आहे. पानं यशस्वी छापली गेली की ती आपोआप बंद होते."

"सर, ती त्या बाईची कातडी आहे."

"पेशी तिच्या. पान आपलं."

शलाकाला त्या माणसाची किळस आली. तिनं त्यांची जोडणी तोडली. एवढं तिच्या हातात होतं.

डॉ. पिंजारींनी चिमट्यानं एक चौकोन उचलून उजेडात धरला. "कातडी उत्तम आहे. धरेल. पण अक्षरं जन्मभर राहतील, कारण ती वर लिहिलेली नाहीत, कातडीच तशी आहे. चार कोरे तुकडे निघतील, ते मानेला लावतो. बाकी तिला विचारल्याशिवाय लावणार नाही."

त्यांनी तबक आणि पडदा दोन्ही रमिलाच्या खाटेशी नेली. पट्ट्यांमध्ये गुंडाळलेली तिशीची बाई. डोळे अगदी जागे. डॉक्टरांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"काय लिहिलंय त्यावर?" तिनं विचारलं.

"बाई वाचतील," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या कॅमेऱ्यात मोठं दिसतं."

ते एकेक चौकोन कॅमेऱ्यासमोर धरू लागले. अभिनंदनाची ओळ शलाकानं एकदाच वाचली, पुन्हा वाचायची तिला लाज वाटली. मग फक्त ठिकाणं. आमखेल, चार वेळा. वाघदरी, दोन. सोनखुर्द, पाच. दर नावाला तिचा राग चढत होता. नीट हात धुवायला सांगावं लागतं अशी ही माणसं, आणि यांच्या हाती असली यंत्रं. पुढची तीन ठिकाणं मिळून सहा झाली.

अठरावा चौकोन समोर आला आणि ती थांबली.

दूरदुरुस्ती कक्ष, नाशिक. काल, चार वाजून दहा मिनिटं.

नेहमीचे सगळे उपाय. त्यातला पहिलाच चाचणी-पानाचा. पंधरा वर्षांत तिनं हे बटण इतक्यांदा दाबलं होतं की दाबल्याचं तिच्या लक्षातही राहत नसे. तिनं यंत्राची रांग तपासली होती. स्वतःच्या संगणकात बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

डॉक्टर पुढचा तुकडा उचलत होते. तोही नाशिक. त्याच्यापुढचाही.

"बाई, गप का झाल्या?" रमिला म्हणाली.

"हे नऊ नाशिकचे आहेत," शलाका म्हणाली. स्वतःचा आवाज तिला घाणेरडा वाटला. "म्हणजे माझे. काल मी पाठवलेले."

"नऊ वेळा कशाला?"

"एकदा दाबून काही झालं नाही म्हणून."

रमिलानं तबकाकडे पाहिलं.

"हे लावले नाहीत तर पुरेल?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"नाही पुरणार."

"मग लावा सगळे. नाशिकचे उजव्या हाताला लावा. मी त्या हातानं पोरींना वाढते. त्या वाचतील, विचारतील हे काय म्हणून. सांगावं लागेल ना." ती पडद्याकडे वळली. "तुमचं नाव काय?"

कक्षाच्या नियमाप्रमाणे नाव सांगायचं नसतं, फक्त टेबलाचा क्रमांक सांगायचा असतो.

"शलाका दिघे," ती म्हणाली.

रमिलानं ते नाव दोनदा पुटपुटून पाठ केलं, आणि डॉक्टरांपुढे उजवा हात केला.