स्वच्छ पाण्याचा रिपोर्ट

"उद्या सभा घेऊन माझी मेस बंद करायलेत, ताई. कावीळ माझ्या डब्यानं झाली म्हनं!" दिलशादला धड बसवतही नव्हतं.

लातुरात खाजगी तपास करणाऱ्या सौदामिनीबाई पूर्वी प्रयोगशाळेत होत्या. त्यांचा मदतनीस व्यंकट मनातून मेसवर ठपका ठेवणाऱ्या होस्टेलमालक बापूसाहेबांच्या बाजूचा. एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल?

बापूसाहेबांच्या वसतिगृहात शिकवणीच्या एकोणीस पोरी काविळीनं अंथरुणाला खिळल्या होत्या.

"पाण्याचा रिपोर्ट हाय," बापूसाहेबांनी ऑफिसातल्या जारचं गोड पाणी भेटायला आलेल्या बाईंना नि व्यंकटला दिलं आणि कागद आपटला. "नळाचा नमुना मी सोता नेला. आता त्या बाईची चूल बघा."

बाईंनी वाचलं. जंतू शून्य, कठीणपणा चाळीस.

बाहेर व्यंकटनं नळावर हात धुतले. "काय पाणी हाय! साबण फेसच देईना." शेजारच्या बादलीवर पांढरा थर चढला होता.

खोलीत आजारी पोरींपैकी वैष्णवी पिवळ्या डोळ्यांनी पडली होती.

"दिलशादभाभींचा डबा खातेस?" बाईंनी विचारलं.

"न्हाई. आई रेणापूरहून एसटीनं धाडती. पाणी तेवढं इथलं."

मग पाळी दिलशादची. "तुमचे डबे जातात कुठं?"

"तीन होस्टेलांत. बाकी दोन्हीकडं एकबी पोर आजारी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सभेत पालक नुसते पेटले होते. "असल्यांच्या हातचं खायचंच कशाला?" कुणीतरी ओरडलं. व्यंकटला स्वतःचीच लाज वाटली, कारण काल त्याच्याही मनात असंच आलं होतं.

"ओरडून कावीळ बरी होत नाही," बाई कडाडल्या. "एका पोरीवरून मी निकाल देत नाही, म्हणून सगळ्या मोजल्या. इथं डबा खाणाऱ्या चव्वेचाळीस, आजारी पंधरा. न खाणाऱ्या अकरा, आजारी चार. दोन्हीकडं तिघींत एक. तोच स्वैपाक आणखी दोन ठिकाणी जातो, तिथं एकही नाही. मग डब्याचा दोष कसा?"

"पण रिपोर्ट..." बापूसाहेब म्हणाले.

बाईंनी दोन बाटल्यांत साबण घालून हलवला. एकीत फेस उसळला, दुसरीत चोथा झाला.

"फेसाची बाटली तुमच्या जारची, चोथ्याची नळाची. चाळीस कठीणपणा म्हणजे मऊ पाणी, त्यात साबण असा फाटत नाही. रिपोर्ट खरा आहे, बापूसाहेब, पण जारचा. नमुना तुम्हीच नेलात." त्यांनी तिसरी बाटली वर धरली. "ही तपासणीची बाटली काल नळावर भरली. रात्रीतून काळी पडली, म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू. नळाला पाणी देणाऱ्या तुमच्या बोअरमध्ये मैला उतरतोय, आणि ते ठाऊक नसतं तर नमुना बदललाच नसता."

"नवी बॅच तोंडावर होती," बापूसाहेब पुटपुटले. "बोअर बंद केला असता तर होस्टेल रिकामं पडलं असतं."

"म्हनून पोरींना तेच पाजलं?" दिलशादनं विचारलं.

बाईंनी आरोग्य विभागाला फोन लावला, बोअरला कुलूप पडलं. पालक एकेक करून उठले. माफी कुणी मागितली नाही. दिलशादनं घरून उकळलेल्या पाण्याचा हंडा आणवला आणि जिन्यावरच्या पोरींना बाटल्या आणायला सांगितलं.

"भाभी," व्यंकट खाली मान घालून म्हणाला, "मीबी तुमच्यावरच शक घेतला होता."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "हंडा धरा."