उखर्डूचं दुसरं नाव

गुरुवार होता, चोवीस एप्रिल सत्त्याण्णव, आणि दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण नव्या सिस्टीमनं पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ आणलं होतं आणि कोकिळाची नजर सारखी तिकडंच जात होती.

दोंडाईचाला बाहेर लू वाहत होती. मिरचीचा हंगाम संपून महिना झाला होता, तरी वारा आला की घशात ठसका बसायचा. तिच्या नवऱ्यानं, वाल्मीकनं, पुढच्या खोलीत छपाईच्या कामाचं दुकान घातलं होतं. दार लोटलेलं, खिडकीला ओलं गोणपाट, आणि त्या भरदुपारच्या अंधारात फक्त पडद्याचा निळा उजेड. आतल्या घरात सासू केसरबाई नातवाला मांडीवर घेऊन पेंगत होती.

काम समाजाच्या परिवार-सूचीचं होतं. प्रत्येक घराचं एक पान. घरात कोण कोण, वय काय, शिक्षण काय, गाव कोणतं. लग्न जमवायला अशी सूची घरोघर लागते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, समाजाचा मेळावा होता आणि त्या दिवशी ती वाटायची होती. वाल्मीकनं सहा महिने खपून सातशे घरं टाईप केली होती, आणि मंगळवारी जळगावचा बन्सीलाल येऊन कॉम्प्युटरमधली जुनी सिस्टीम काढून नवी टाकून गेला होता.

"घर तेच आहे वहिनी, फक्त रंग नवा दिलाय," तो चहा पिताना म्हणाला होता.

रंग नवाच होता. जुना काळा पडदा गेला, चित्रं आली. मशीन सुरू होताना एक सूर वाजायचा, तो ऐकून तिचा मुलगा उखर्डू टाळ्या पिटायचा. बाकी बदल बारीक होते. कुठं काना सरकलेला, कुठं तारीख उलटी. म्हणून वाल्मीकनं सगळी सूची कागदावर काढली होती. दोघांची पद्धत ठरलेली होती. कोकिळा सातवी शिकलेली. तिनं छापील कागद मोठ्यानं वाचायचा, आणि वाल्मीकनं हातानं भरलेल्या फॉर्मावर नजर ठेवायची.

"पान शेहेचाळीस," कोकिळानं वाचायला घेतलं. "कुटुंबप्रमुख झुलाल. पत्नी सुंदरबाई. मुलगा…" आणि तिनं मुलाचं नाव वाचलं.

"काय?" वाल्मीकनं फॉर्म उजेडाकडं धरला. "इथं तर दगडू लिहिलंय."

"कागदावर हे आहे." तिनं ते नाव पुन्हा वाचलं.

"त्या बन्सीलालनं कुठल्या तरी फाईलची खिचडी केली." वाल्मीकनं लाल पेनानं खूण केली. "चल पुढं."

पुढं अशाच खुणा होत गेल्या. फॉर्मावर धोंडू, कागदावर वेगळंच. फॉर्मावर भिकुबाई, कागदावर एक सुरेख, नव्या वळणाचं नाव. शंभर पानांत दहा नावं बदललेली, सगळी लहान पोरांची, आणि एकाही आडनावाला, वयाला धक्का नाही.

दहाव्या खुणेला कोकिळा वाचायची थांबली. दगडू, धोंडू, भिकुबाई, केरू… ही कसली नावं होती ते तिला कळलं.

ज्या घरात आधीचं मूल जगत नाही, तिथं पुढच्याला असं टाकाऊ नाव देतात. मूल जन्मलं की उकिरड्यावर ठेवायचं, दुसऱ्या कुणी उचलून आणायचं, आणि नाव ठेवायचं उखर्डू. म्हणजे जे कुणी न्यायला येतं त्याला वाटावं, हा कचरा, याला काय न्यायचं. खरं नाव आई एकदाच बाळाच्या कानात सांगते आणि गिळून टाकते. पाच वर्षं पुरी होईपर्यंत ते नवऱ्यालाही सांगायचं नाही, असं केसरबाईनं बजावलं होतं. कोकिळाचा पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला होता. दुसऱ्याला तिनं स्वतःच्या हातानं उकिरड्यावर ठेवलं होतं, आणि ते दोन क्षण तिला अजून झोपू देत नसत.

"मी आलेच," ती म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन उन्हात निघाली.

दगडूच्या आईचं, सुंदरबाईचं घर मागच्या गल्लीत. नवरा सुरतेला गिरणीत, घरात ती आणि नुकतं पाचवं वर्ष लागलेला दगडू. दारात बायका जमलेल्या होत्या. दगडू खाटेवर पडला होता, कपाळावर ओलं फडकं, तळपाय भाजून लाल झालेले.

"काय झालं अक्का?"

"काय सांगू व माय," सुंदरबाई म्हणाली. "झोपेल व्हता. उठना, 'हां, उनू' म्हने, अन चालना रस्तावर. कोन हाका मारस, मी काय ऐकं नही. पार रेल्वेना फाटकपावत गया, पायमा चप्पल नही."

"'आलो' म्हणाला? कधी?"

"दोन वाजी गयथात."

कोकिळा खाटेच्या कडेला टेकली. बायका पांगेपर्यंत थांबली. मग सुंदरबाईच्या कानाशी तोंड नेलं, पण नाव उच्चारायचा धीर झाला नाही. तिनं बोटानं सुंदरबाईच्या तळहातावर पहिलं अक्षर काढलं. दुसरं काढलं.

सुंदरबाईनं हात असा ओढून घेतला की जणू विस्तव लागला.

"कोनी सांगं तुले?"

"मशीननं… छापून आलं अक्का."

"अन तू ते… मोठ्यानं वाचं?"

कोकिळा उठून दाराकडं निघाली. दोनदा वाचलं होतं.

ती उन्हातून धावतच घरी आली. वाल्मीक पडद्यासमोर बसून नावं दुरुस्त करत होता. तिनं सगळं सांगितलं. तो हसला नाही, पण मानलंही नाही.

"त्रेचाळीस अंश ऊन आहे, पोरगं भ्रमात चाललं असेल. तू घाबरट, तुला पाल चुकचुकली तरी निमित्त पुरतं."

"आपलं पान काढा."

"एकशे बारा. अजून वाचायचंय ते."

"वाचायचं नाही. नुसतं काढा."

पडद्यावर पान आलं. वाल्मीक, कोकिळा, केसरबाई. आणि चौथ्या ओळीत, मुलगा, वय तीन… तिथं उखर्डू नव्हतं.

ते नाव तिनं पंचांगवाल्याच्या ओसरीवर मनातल्या मनात निवडलं होतं. कुठं लिहिलं नव्हतं. आईला सांगितलं नव्हतं. एकदाच, बाराव्या दिवशी, बाळाच्या उजव्या कानात श्वासाएवढ्या आवाजात…

"हे कोणाचं गं?" वाल्मीक पुढं वाकला. त्याचे ओठ पहिल्या अक्षरासाठी मिटले. "हे तर…"

कोकिळानं त्याच्या तोंडावर हात दाबला. इतक्या जोरानं की तो खुर्चीसकट मागं गेला. आत, केसरबाईच्या मांडीवर झोपलेल्या पोराची चुळबूळ झाली. दोघं श्वास धरून बसले. पंख्याची घरघर, गोणपाटातून टपटपणारं पाणी. मग पुन्हा शांत.

"खरंच हेच आहे?" त्यानं तिच्या हाताआडून विचारलं.

तिनं मान हलवली.

त्यानं ओळ पुसली, उखर्डू टाईप केलं. मशीन बंद करून चालू केलं. तो सूर वाजला, पान उघडलं, आणि चौथ्या ओळीत पुन्हा तेच. तीन वेळा पुसलं, तीन वेळा आलं. जळगावला बन्सीलालला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, मी नावाला हात कशाला लावू? तुमचीच फाईल फ्लॉपीवर घेतली, तीच परत टाकली."

"आपलं पानच काढून टाका," कोकिळा म्हणाली.

"सगळ्या समाजाची सूची मी करायची आणि माझंच घर नाही? लोक म्हणतील, वाल्मीकनं बायको पळवून आणलेली दिसते."

"म्हणू द्या. दहा पोरांची पानं पण काढा. हात जोडते."

तो कुरकुरत राहिला. पण तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मागच्या गल्लीतून सुंदरबाईचा हंबरडा आला. डॉक्टरनं ऊन लागलं असं सांगितलं. वाल्मीक दगडूला मूठमाती देऊन आला, अंगावर पाणी घेतलं आणि ओल्या अंगानंच मशीनपुढं बसला. पुढची सगळी पानं ओठ मिटून चाळली, तसं आणखी नाव नव्हतं; मग अकराही पानं त्यानं एकेक करून काढली. कोकिळा शेजारी उभी होती. मशीन बंद केलं, चालू केलं. पानं आली नाहीत. पुन्हा बंद, पुन्हा चालू. नाहीत. फ्लॉपी घेऊन तो त्याच दुपारच्या एसटीनं धुळ्याच्या छापखान्यात गेला.

आखाजीपर्यंतचे ते बारा दिवस कोकिळानं पोराला कडेवरून खाली ठेवलं नाही. दुपारी दोनला त्याच्या कानात कापसाचे बोळे घालायची. केसरबाईला सगळं कळलं होतं. ती दाराला आतून कडी घालून उंबऱ्याशी बसे.

आखाजी आली. माहेरवाशिणी आल्या, लिंबाला झोके बांधले गेले, घराघरांत आंब्याच्या रसाचा वास. मेळाव्याला भाईदास आबा, समाजाचे अध्यक्ष, छापखान्यातून परस्पर गठ्ठे घेऊन आले. पिवळं कव्हर, वर गणपती. मांडवात पुस्तकं वाटली गेली. कोकिळानं एक घेतलं आणि कोपऱ्यात जाऊन उघडलं.

एकशे बारावं पान होतं. चौथी ओळ होती.

"मी काढलं होतं," वाल्मीक तिच्या मागं उभा राहून पुटपुटला. "तू होतीस ना समोर… तू होतीस ना?"

मांडवात लोक पानं चाळत होते. कुणी आपल्या पाहुण्यांची नावं मोठ्यानं वाचत होतं, हसत होतं. झोक्यावरची एक पोर मैत्रिणीला म्हणाली, "थांब, दोंडाईचाचं पान काढते, कोण कोण आहे वाचू."

कोकिळा धावली. पोराला कडेवर घेऊनच धावली, आणि तिच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं.

"चूक झालीय छपाईत," ती सगळ्यांना सांगत सुटली. "पुस्तक परत द्या, पान बदलून देते… वाचू नका, चूक आहे."

"का व कोकिळा, तुझं वय खरं छापलं का?" एका म्हातारीनं टोमणा मारला. मांडव हसला. कोकिळाही हसली, आणि हसता हसता पुस्तकं गोळा करत राहिली.

मांडवातली बहुतेक मिळाली. उरलेली तोवर पिशव्यांत, ट्रकांत, सुरतच्या गाडीत गेली होती. नऊ घरांच्या आयांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. सुंदरबाईच्या दारात मात्र तिला पाय टाकवला नाही. मग रोज दुपारी दार लावून ती आणि वाल्मीक एकेक पुस्तक काढून ती अकरा नावं काळ्या शाईनं झाकू लागले.

शाई लावताना तिला ते दिसलं. एकशे बाराव्या पानावर, चौथ्या ओळीच्या खाली, एक पुसट डाग होता. अक्षर लावून वाचायला शिकणारं मूल ओळीखालून ओलं बोट ओढत नेतं, तसा. बोट लहान होतं. तिनं उखर्डूचं बोट धरून ठेवून पाहिलं. जुळलं नाही.

आधी वाटलं, कुणाच्या तरी पोरानं पुस्तक हाताळलं. मग दुसऱ्या पुस्तकातही तसाच डाग. तिसऱ्यातही. भाईदास आबांच्या घरून आलेला गठ्ठा सुतळीनं बांधलेला, छापखान्याची चिठ्ठी जशीच्या तशी, तरी आत प्रत्येक पुस्तकात. पण मेळाव्यात गोळा केलेल्या पुस्तकांत तो डाग 'मुलगा' या शब्दाखालीच थांबलेला होता. महिन्यानं सुरतजवळच्या उधन्याहून एक आलं, त्यात तो नावाच्या पहिल्या अक्षराखाली पोचला होता. दिवाळीनंतर रावेरहून केळीच्या ट्रकवाल्या लोटननं एक आणून दिलं. त्यात अर्धं नाव झालं होतं.

लोटनला तिनं विचारलं, "घरी कुणी वाचलं का हे?"

"नही वहिनी, माळ्यावर पडेल व्हतं. पन…" लोटन थांबला. "रातले माळ्यावर कोनी तरी पुटपुटस असं मन्ही माय म्हने. उंदरं असतीन."

उखर्डू येत्या श्रावणात पाच वर्षांचा होईल. चाळीस-पन्नास पुस्तकं अजून बाहेर आहेत. म्हणून कोकिळाचा हा निरोप आहे, आणि तो पुढं न्यायचा आहे. तुमच्या घरी, सासरी-माहेरी, सुरतेला, नाशकाला, कुठल्याही फळीवर पिवळ्या कव्हराची ती सूची दिसली तर उघडू नका. उघडलीच तर एकशे बाराव्या पानावर थांबू नका, आणि थांबलात तर तोंड मिटून ठेवा. घरातल्या अक्षर लावणाऱ्या पोराच्या हाती ती देऊ नका. कागदात गुंडाळून दोंडाईचाला वाल्मीकच्या दुकानी पाठवा. आणि ज्याला कुणाला भेटाल, त्याला एवढं सांगा.