लिंबू पिळूनही लाल

खोटं सांगून मला काय मिळणार? जव्हारला संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. साखरशेत पाड्यावर, भर दुपारी घडलेली.

तानी ही रघ्याची दुसरी बायको. पहिली, पोशी, होळीच्या सुमारास तापाने गेली. मागे राहिली तिची तान्ही सरू. तानीला स्वतःचं मूल नव्हतं. सरूवर तिचा भारी जीव.

पोशी राखेच्या पाण्यात लोकांचे कपडे धुवायची. हात कायम खाराचे. तिने हळदीला हात लावला की हळद लालभडक! लिंबू पिळलं की परत पिवळी. पाडाभर तिची थट्टा चालायची. तिच्या डाव्या हाताचं एक बोट विळ्याने अर्धं तुटलेलं.

त्या दुपारी सरू तापाने फणफणली. रघ्या भगताला आणायला मोखाड्याला गेलेला. तानीने पोरीच्या छातीला ओली हळद चोळली आणि चुलीकडे वळली.

परत येऊन पाहते तर...

छातीवर लाल पंजा.

एक बोट अर्धं.

घरात त्या दिवशी राख भिजवलेलीच नव्हती हो! तिने लिंबू पिळलं. पंजा पिवळा झाला.

पुन्हा उमटला... आता गळ्याजवळ.

सरूचा श्वास अडखळू लागला.

"पोशीबाय, पोर नको नेस गं! तिच्याबिगर मना कोण हाय?"

लिंबं संपली.

मग तानीने उरलेली हळद स्वतःच्या मनगटाला फासली.

"मना ने! पण हिचं लगीन होऊ दे. तवर थांब."

बाहेर कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या...

गळ्यावरचा पंजा हळूहळू पिवळा पडला. संध्याकाळी सरू दुधासाठी रडली.

रघ्या म्हणाला, "तुझेच हात राखेचे असतील, येडे."



सरू मोठी झाली. तिच्या लग्नाच्या हळदीला तानी लांबच उभी राहिली.

"आये, तू नाय का लावून घेणार?"

सरूने हसत तिला ओढलं आणि आईच्या हातांना हळद फासली.

तानीने खाली पाहिलं...

मनगटावर लाल बोटं. घट्ट धरल्यासारखी.

एक अर्धं.

"लिंबू आण गं, सरू!"

सरूने धावत आणलं. पिळलं. आणखी पिळलं...

लाल ते लालच राहिलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. तानी मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. सरू निरोप घ्यायला वाकली, तेव्हा तानीचे पाय गार पडले होते.

सरूच्या घरी अजून जेवणात हळद पडत नाही. मी तिथे जेवलोय.