ठोकळ्याखालचा रंग

“मास्क नाकावर घे, चिहारू. हनुवटीला कसला धोका आहे?”

मदतीला आलेला तोमोया चिहारूच्या होडीच्या बुडाखाली उताणा पडून बोलत होता. त्याचे केस, भुवया, कान, सगळं लालभडक झालं होतं. त्याची दहा वर्षांची बहीण कोतोने ताडपत्रीवर पडलेले रंगाचे कपचे झाडून पोत्यात भरत होती. चिहारूने मास्क वर ओढला आणि पुन्हा खरवडायचा पत्रा चालवायला घेतला. खर्र, खर्र.

ओबोन सहा दिवसांवर आला होता. ओबोन म्हणजे वारलेली माणसं घरी यायचा सण. म्हणून त्याआधी बेटावरची प्रत्येक होडी बंदराच्या उतारावर ओढायची, बुडाला चिकटलेले शिंपले आणि सुटलेला जुना रंग खरवडायचा आणि नवा द्यायचा. शिंपले चिकटू नयेत म्हणून हा रंग विषारीच असतो. त्याचा कपचासुद्धा समुद्रात जाता कामा नये. चिहारूच्या घरी हे काम बाबा करायचे. फेब्रुवारीत ते कालवांच्या तराफ्यावर गेले आणि तिथेच त्यांचं हृदय थांबलं. त्यांच्या पहिल्या ओबोनसाठी पांढरा कंदील आणून ठेवला होता, पण आईने खोकं उघडलं नव्हतं.

चिहारू अजून एकदाही रडली नव्हती. लोक म्हणत, बारा वर्षांची पोर, पण मोठी धीराची. धीरबीर काही नव्हता. दंतवैद्याने सुई टोचल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिला सगळंच वाटत होतं. भात, शाळा, सुट्टी, हा लाल धुरळा, सगळं.

तेवढ्यात पलीकडच्या होडीवाले कुनिओकाका उतारावरून तरातरा खाली आले. हातात शिंपल्यांची माळ होती. कालवांची पिल्लं चिकटावीत म्हणून अशा माळा पाण्यात सोडतात. काकांनी ती होडीच्या दुसऱ्या बाजूला खरवडत असलेल्या आईच्या पायाशी टाकली.

“बघा, वहिनी. उतारालगतच्या दोन रांगा मेल्या. आणि शिंपल्यांत हे अडकलंय.” त्यांनी रंगाचा एक जाड कपचा पुढे धरला. वरून लाल, कडेला निळा. “लाल-निळा आलटून पालटून कोण देतं? तुमचं घर आणि माझं. मी चाळीस वर्षं होड्या खरवडतोय. तुम्ही पहिल्यांदाच.”

आई कंबरेत वाकली. “चूक झाली असेल, भाऊजी. माफ करा.”

“माझ्या माफीने काय होतंय? पाच वाजता सगळे इथे जमणार आहेत. ज्याला होडी सांभाळता येत नाही, त्याला तराफ्यावर जागा द्यायची की नाही, ते कालववाल्यांचा गट ठरवील.”

काका वळले. कोतोने त्यांच्यामागे धावली. “काका, तो कपचा मला द्या ना. सुट्टीच्या वहीत रंगीत वस्तू चिकटवायच्यात.”

“घे बाई. तुझ्या वहीला तरी उपयोग होऊ दे.”

काका गेल्यावर चिहारूने विचारलं, “तू माफी का मागितलीस? आपली चारही पोती इथे बांधून ठेवलीत.”

“कालवं मेलीत, चिहारू. कुणीतरी वाकायला हवं.” आईने माळ उचलून बाजूला ठेवली. “जागा गेली तर होडी विकू. नाहीतरी मला एकटीला झेपत नाहीये.”

होडी विकू. चिहारूने ते ऐकलं आणि वाट पाहिली. आत काहीच हललं नाही. याचीच तिला भीती वाटली.

“ए, हिच्या वहीत काय चिकटवायचं नाहीये,” तोमोया बाहेर सरपटत आला. “दाखव तो कपचा. मी सांगितलं म्हणून मागितलास ना?”

“तू कुठे सांगितलंस? माझं मलाच सुचलं,” कोतोने म्हणाली.

त्यांनी पॉलिशपेपर ओला केला आणि कपच्याची कड तिरकी घासली. दर ओबोनला एक थर चढतो. घासल्यावर ते थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाखाली एक दिसू लागले. लाल, निळा, लाल, निळा, लाल.

“आता तुमच्या होडीवर घास,” तोमोया म्हणाला. “न खरवडलेल्या जागी.”

चिहारूने बुडावर पालथा पंजा मावेल एवढी जागा घासली. पाणी, पेपर, पाणी, पेपर. लाल. मग निळ्याचं कडं. मग लाल. आणि त्यानंतर निळ्याच्या जागी हिरवा.

तिचा हात थांबला.

आठ वर्षांची असताना तिने याच उतारावर हट्ट धरला होता, हिरवाच पाहिजे म्हणून. बाबांनी खरंच हिरवा दिला. वर्षभर सगळं बंदर त्या होडीला बेडूक म्हणायचं आणि बाबा प्रत्येकाला “डराव” असं उत्तर द्यायचे. हे सगळं ती विसरली होती. पण बाबांनी तो थर जपून ठेवला होता; पुढच्या तिन्ही वर्षी फक्त सुटलेला रंग खरवडला होता.

“चौथा थर हिरवा,” कोतोने बोटं मोजत म्हणाली. “कपच्यात हिरवा नाहीच.”

“म्हणजे तो आपला नाही,” चिहारू म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“मग राहिलं एकच घर,” तोमोयाने पलीकडे मान केली. कुनिओकाकांची होडी तिथे नव्या रंगात चमकत होती, उद्याच्या भरतीला उतरायला तयार. “पण सगळं रंगवून टाकलंय. जुने थर कुठे बघणार?”

चिहारू त्या होडीखाली वाकली. होडी लाकडी ठोकळ्यांवर बसलेली असते. अर्धं काम झालं की ठोकळे सरकवून त्यांच्याखालची जागाही खरवडायची असते. बाबा त्यावरून फार कटकट करायचे. इथे मात्र नवा रंग ठोकळ्याच्या कडेवरसुद्धा ओघळून सुकला होता.

“ठोकळे हललेच नाहीत,” ती म्हणाली. “खाली जुना रंग तसाच असणार.”

पाच वाजता माणसं जमली. सर्वात म्हातारे गेन्जोआजोबा उलट्या बादलीवर बसले होते. बंदरातल्या निम्म्या होड्या त्यांच्या हातच्या. आई पुन्हा वाकायच्या बेतात होती, तेवढ्यात तोमोया अगदी गरीब चेहरा करून पुढे झाला.

“कुनिओकाका, ठोकळे सरकवायचे कसे हो? चिहारूच्या आईला कुणी शिकवलंच नाही. तुम्ही तर दरवर्षी सरकवत असाल.”

“म्हणजे काय! त्याशिवाय काम पुरं होतं का?” काका छाती काढून म्हणाले.

“मग तुमच्या होडीवर दाखवा ना.”

“आता? रंग ओला आहे.”

“वाळलाय. मी दुपारी बोट लावून पाहिलं,” कोतोने म्हणाली.

“जॅक आणा रे,” गेन्जोआजोबा बादलीवरून उठले. आजोबा उठले म्हणजे विषय संपला.

होडी बोटभर उचलली गेली. ठोकळा निघाला. खाली चौकोनी डाग होता, जुना, खरबरीत, कडेला शिंपले चिकटलेले. आजोबांनी ओला पेपर स्वतः फिरवला. लाल, निळा, लाल, निळा, लाल. चिहारूने कपचा शेजारी धरला. मग ती सगळ्यांना घेऊन आपल्या होडीपाशी आली आणि तिने त्या हिरव्या कड्यावर बोट ठेवलं.

“अरे, बेडूक,” मागून कुणीतरी म्हणालं.

कुनिओकाकांची छाती हळूहळू जागेवर आली. “घाई होती. ताडपत्री अंथरायचा कंटाळा केला आणि सगळं पाइपने धुऊन काढलं. वाटलं, एवढ्याशाने काय होतंय. मग कालवं मेलेली दिसली आणि... वहिनी सोप्या सापडल्या.” ते आईसमोर खूप खाली वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

“ठोकळे सरकवले असतेस तर पकडला गेला नसतास,” आजोबा म्हणाले. “मेलेल्या माळांच्या जागी नव्या तू करशील. तुझ्या वहिनींची जागा तशीच राहील.” मग ते मुलांकडे वळले. “आणि तुम्ही तिघं. पन्नास वर्षांत मी एवढं नीट घासलेलं बूड पाहिलं नाही. आपल्या बापाची, यासुशीची पोर आहे खरी.”

सगळ्यांनी कौतुक केलं, तोमोयाने ते तिघांच्या वाट्याचं एकट्याने घेतलं. चिहारूला फक्त हात दुखत असल्याचं जाणवलं. पण ते जाणवलं, हेही खूप दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, “यंदा निळ्याची पाळी ना?”

“हिरवा,” चिहारू म्हणाली.

बेटावरच्या दुकानात हिरवा नव्हता. कुनिओकाका कुणी न सांगता सकाळच्या फेरीबोटीने शहरात गेले आणि दुपारी दोन डबे ताडपत्रीच्या कडेला ठेवून निघून गेले.

रोलर फिरू लागला. सगळं बूड झालं, ती पंजाएवढी जागा तेवढी राहिली. चिहारू तिथे रोलर धरून उभी राहिली. हात पुढे जाईना.

“झाकला जाईल,” ती म्हणाली.

“रंगव,” आई तिच्या मागे येऊन उभी राहिली. “जायचा कुठे? आतच राहील तो.”

चिहारूने रोलर टेकवला. बाबांच्या हिरव्यावर तिचा हिरवा चढला आणि कडं दिसेनासं झालं. तेव्हा कुठे तिला रडू आलं, फेब्रुवारीपासूनचं सगळं एकदम, इतकं की मास्क भिजला. आईने तो काढला नाही. ती चिहारूला नुसती धरून राहिली. तोमोया आणि कोतोने बराच वेळ पोतीच बांधत बसले, बांधलेलीच.

ओबोनच्या आदल्या दिवशी आईने खोकं उघडून कंदील दाराशी टांगला. सकाळच्या भरतीला होडी पाण्यात उतरली. धक्क्यावर बसलेले गेन्जोआजोबा हात उंचावून ओरडले, “बेडूक आला रे, बेडूक!”

चिहारू होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभी होती. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले.

“डराव,” ती ओरडली.