सेल्फमध्ये शिरलेली नदी

सकाळी सहाला वायरलेसवर निरोप आला आणि सातच्या आत ट्रक निघाला. जंगलात चाळीस किलोमीटर आत, नदीचं पाणी मोजण्याच्या चौकीवर, बाबांच्या पायावर झाड कोसळलं होतं. सोबत्यांनी त्यांना ओढून बाहेर काढलं, पट्ट्याने मांडी आवळली. त्यापुढे त्यांच्या हातात काही नव्हतं. ढग झाडांच्या शेंड्यांवर टेकले होते, त्यामुळे हेलिकॉप्टरचं नावच नको. वाटेत दोन नद्या होत्या आणि दोन्ही फुगलेल्या.

ट्रकमध्ये तिघं होती. स्टेअरिंगवर दादा. मधे औषधांची पेटी मांडीवर घेऊन डॉक्टरीणबाई. दाराशी मुंगी, दादाची धाकटी बहीण; बाबा या दोघांचे. कुठल्याही गाडीखाली कशीही शिरते म्हणून गॅरेजने तिला हे नाव ठेवलं होतं. हा ट्रक तिनेच पाण्यासाठी तयार केला होता. हवेचा आणि धुराचा, दोन्ही पाइप टपापर्यंत उंच नेले होते. इंजिन सुरू करणारी मोटर, म्हणजे सेल्फ, इंजिनाच्या पार बुडाशी असते. ती तिने टायरच्या ट्यूबचं रबर आवळून, वर सीलंट थापून बंद केली होती. थेंब शिरायला जागा नाही, असं तिला वाटत होतं.

पहिली नदी त्यांनी दणक्यात पार केली. पण पलीकडच्या चढावर चाकं चिखलात रुतली, ट्रकने दोन आचके दिले आणि इंजिन बंद पडलं.

दादाने किल्ली फिरवली. टक्!

पुन्हा फिरवली. टक्!

"मुंगे, हे काय?"

मुंगी बॅटरीची वायर सोडून चिखलात पाठीवर झोपली. बोल्ट निघाले. सेल्फ उघडताच अर्धा कप गढूळ पाणी तिच्या गळ्यावर सांडलं. आत वीज पोचवणाऱ्या ब्रशवर चिखलाची साय! चूक तिचीच होती. मोटर इंजिनाशेजारी तापलेली, नदी बर्फासारखी गार. बूच लावलेली गरम बाटली पाण्यात बुडवल्यासारखं झालं होतं. आतली हवा आकसली, आणि मोटर इंजिनाला जोडणाऱ्या दट्ट्याच्या बाजूला राहिलेल्या केसाएवढ्या फटीतून सेल्फने नदीच चोखून घेतली. आतल्या हवेला श्वास घ्यायला तिने वाटच ठेवली नव्हती.

"बाई, स्पिरिट आहे?"

"आहे. पण ते त्यांच्या पायासाठी आहे."

"अर्धं द्या. नाहीतर आपण त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही."

बाईंनी क्षणभर बाटलीकडे पाहिलं, मग मोठी सिरिंज भरून तिच्या हातात दिली. मुंगीने एकेक ब्रश धुतला, फुंकला, सदऱ्याच्या अस्तराने पुसला. पाऊण तास गेला. दादा येरझाऱ्या घालत होता आणि दर दोन मिनिटांनी "झालं का?" विचारत होता. शेवटी सगळं सुकलं, जोडलं, आणि किल्ली फिरताच इंजिन गुरगुरलं!

आता तिने बाईंची रबरी चादर कापून सेल्फभोवती गुंडाळली, फटींत ग्रीस भरलं, आणि वरच्या भोकात सलाइनची नळी घट्ट बसवून तिचं दुसरं टोक केबिनच्या टपाला बांधलं. हवेला वाट मिळाली.

मग दुसरी नदी दिसली. तपकिरी पाणी मुळासकट झाडं घेऊन धावत होतं. पलीकडे, उंचावर, चौकीचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं. इतकं जवळ! दादाने गिअर टाकला.

"थांब," मुंगी म्हणाली. "इंजिन बंद कर."

"वेडी झालीस? पुन्हा लागलं नाही तर?"

"नाही लागलं तर इथे कळेल, मधोमध नाही. नळी बारीक आहे, हवा तेवढ्या वेगाने आत जाणार नाही. सेल्फ आधी गार करते. वीस मिनिटं."

"वीस मिनिटं! तिकडे बाबा मरतायत, मुंगे!"

"माझेही बाबाच आहेत ना रे!"

दादाने दात आवळले आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मुंगी ट्रकखाली शिरली. मगाने थोडं थोडं पाणी ती सेल्फवर सोडत राहिली. आधी वाफ निघाली, मग वाफ थांबली. दादाने काठावर रोवलेल्या काठीला पाणी बोटभर चढलं. मग दोन बोटं. तिचे हात बधिर झाले. एकदा तर वाटलं, हातातला मग फेकून द्यावा आणि ओरडावं, चल! पण सेल्फ अजून कोमट होता. तिने पुन्हा मग बुडवला.

"चल!"

इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. ट्रक पाण्यात उतरला. पाणी बंपरवर, दिव्यांवर, दाराच्या फटीतून आत! बाईंनी पेटी डोक्यावर धरली. मधोमध पुढचं चाक खडकावर आदळलं. धक्का बसला. इंजिन बंद!

आता फक्त नदीचा आवाज. ट्रक हळूच एका अंगाला सरकला.

"सेल्फ मार!" मुंगी ओरडली.

टक्.

दादाने तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"पुन्हा!"

घर्रर्र... घर्रर्र... पाण्याखालून, कण्हत, सेल्फ फिरला. फिरतच राहिला. आणि इंजिन धडधडलं! दादाने ट्रक मागे घेतला, खडकाला वळसा घातला आणि काठावर चढवला.

चौकीत बाबा शुद्धीत नव्हते. बाईंनी दार लावून घेतलं. दोन तासांनी त्या बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या.

"जगतील," त्या म्हणाल्या. "पाय काढावा लागला. गुडघ्याखालून."

मुंगी पुढे आली. "ती वीस मिनिटं..."

"पाय सकाळीच गेला होता, पोरी. तू थांबवलं नसतंस तर मीही नदीत असते आणि तेही गेले असते."

मुंगी मान खाली घालून रडू लागली. दादा तिच्या शेजारी बसला. तिचे ग्रीसने माखलेले, गारठलेले हात त्याने आपल्या हातांत घेतले आणि चोळत राहिला.

"इथवर तू आणलंस आम्हाला. बाबा उठले की त्यांना पाणी तू पाज," तो म्हणाला. "मी तोवर ट्रकजवळ बसतो."