मौनी शेनुफेची हाक

वाळवंटातल्या आमच्या मठाची विहीर खारट झाली होती. पाणी सुधारलं नाही तर मठच सोडायचा, असं ठरलं. ती विहीर आमच्या वृद्ध गुरूंनी, अब्बा तिथोयांनी, तरुणपणी स्वतःच्या हातांनी खणलेली. "मी इथून हलणार नाही! अब्बा पिहोरांना घेऊन येऊ. त्यांच्या प्रार्थनेनं कडू झरे गोड होतात," म्हणत म्हातारबुवांनी काठी उचलली.

सोबत मी, म्हणजे कोप्रेस, बंधू शेनुफे, आणि पाण्याची पखाल लादलेलं एक गाढव. शेनुफे पूर्वीचा उंटवाला. पिहोरांची गुहा आमच्यापैकी फक्त त्यालाच ठाऊक, आणि या पठ्ठ्यानं निघताना पिहोरांचा आशीर्वाद मिळेपर्यंत मौन धरलं!

पांढऱ्या टेकडीपाशी वाट फुटली. अब्बा तिथोय डावीकडे वळले. शेनुफेनं त्यांची बाही ओढली.

"मोह आवर, बाळा!"

"अब्बा, त्याला काहीतरी सांगायचंय," मी म्हणालो.

"मौनात असलेल्याला काही सांगायचं नसतं!"

शेनुफेनं वाळूत बाण काढला. अब्बा त्याच्यावरूनच चालत गेले.

दुपारी वादळ आलं! वाळू डोळ्यांत, तोंडात, कानांत! गाढव बिथरलं. पखाल खडकावर आपटली, फाटली. पाणी गेलं!

वारा पडला तेव्हा एका उंच कड्याखाली आम्ही तिघे आणि गाढव येऊन पडलो होतो. वाट कुठेच दिसेना. अब्बा मटकन खाली बसले. "मी तुम्हाला मरायला आणलं रे," ते पुटपुटले. मला रडू फुटलं.

आणि शेनुफेचा बांध फुटला.

"अहो, वाट चुकलात! सकाळपासून बाही ओढतोय! उजवीकडे जायचं होतं, उजवीकडे!"

कडा दणाणला. वरच्या कपारीतून एक पांढरी दाढी बाहेर आली.

"कोण बोंबलतंय रे?"

अब्बा पिहोर!

"तुम्ही इथं कसे?" शेनुफेनं आ वासला.

"जुन्या गुहेत जो तो चमत्कार मागत यायचा. वैताग आला, म्हणून गुपचूप इथं पळालो. तुम्हाला वाट कुणी दाखवली?"

"कुणीच नाही, अब्बा. तोच तर घोळ झाला!" मी म्हणालो.

ते पोट धरून हसले. पाहुणा आला की उपास सुटतो, या आमच्या रीतीचे मी आजन्म उपकार मानीन. पाण्यात भिजवलेली कोरडी भाकरी, मूठभर ऑलिव्ह, आणि पाणी, हवं तेवढं पाणी!

"पाणी गोड करणं माझ्या हातात नाही," विहिरीचं ऐकून पिहोर म्हणाले.

"मग माझ्या शेजारी बसून प्रार्थना तरी करा," अब्बा तिथोय म्हणाले. त्यांनी पिहोरांचे दोन्ही हात धरले. पिहोर उठून गाढवावर बसले.

शेनुफेच्या मागोमाग मठात पोचल्यावर दोघे म्हातारे उन्हं कलेपर्यंत विहिरीकाठी गुडघे टेकून होते. मग मी पोहरा ओढला. अब्बा तिथोयांनी घोट घेतला. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मी भांडं हिसकावून प्यायलो.

"गोड!"

सगळे बंधू पिहोरांच्या पायांवर कोसळले. त्यांनी पाय झटकन मागे घेतले. "माझ्या कशाला पाया पडता? मी तर लपून बसलो होतो. यानं मौन मोडलं नसतं, तर मी बाहेर डोकावलोही नसतो. त्यालाच विचारा!"

शेनुफेनं ओठांवर बोट ठेवलं. मौन मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून त्यानं पुन्हा मौन धरलं होतं!

"आता नको रे बाबा! बोल, मी सांगतो, बोल!" अब्बा तिथोय त्याची बाही ओढू लागले.

शेनुफेनं बाहीकडे पाहिलं. मग अब्बांकडे.

"मोह आवरा, अब्बा!"